परवडणारं, वजनाला हलकं डाउन जॅकेट – सॅक स्वतः वाहणाऱ्यांनी कोणतं घ्यावं?

पायवाट_कळवा | ९ ऑक्टोबर, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी आणि माझी लेक उत्तराखंडातला केदारकंठा ट्रेक करतोय. सॅक खेचरावर टाकायची नाही, आपली आपणच वाहायची असं दोघींनी ठरवलंय. म्हणून गेले चार दिवस घरातली एकेक वस्तू स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून बघतेय आणि सगळ्यात मोठा धक्का जॅकेटने दिला. माझं जुनं जाडजूड जॅकेट, जे मी दहा वर्षं सगळीकडे नेलं, ते १ किलो ११० ग्रॅम भरलं, आणि घडी करून कितीही दाबलं तरी ५० लिटरच्या सॅकची निम्मी जागा खातं. लेकीचंही तसंच.

तर आता डाउन जॅकेट घ्यायचं मनात आहे. बजेट माणशी सहा हजार, त्याच्या वर खरंच नाही जमणार कारण बूटही घ्यायचेत. ऑनलाइन बघायला गेलं तर अठराशेपासून चाळीस हजारापर्यंत सगळेच स्वतःला अल्ट्रालाइट म्हणवतात, कुणी ६५० लिहितं कुणी ८००, कुणी उणे दहा कुणी उणे वीस, आणि मला त्यातलं काही कळत नाहीये. शिवाय इथे या ऑक्टोबर हीटमध्ये ट्रायल रूममध्ये जॅकेट घातलं की दोन मिनिटांत घामाघूम, मग ते थंडीत पुरेल की नाही हे ठरवायचं कसं? ज्यांनी स्वतः वापरलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

येऊरकर | ९ ऑक्टोबर, रात्री ११:३०

ताई, काट्यावर वजन करायला घेतलंत तिथेच अर्धं काम झालं. माझं सांगतो, चौदा-पंधरा हिमालयातले ट्रेक झालेत, त्यातली पहिली पाच वर्षं मीही किलोभराचंच जॅकेट वाहिलं.

पहिली गोष्ट, डाउन जॅकेट हे चालताना घालायचं कापडच नाही. चालताना अंगात थर्मल, वर फ्लीस, वारा असेल तर विंडचीटर, बस. डाउन बाहेर काढायचं ते थांबल्यावर, म्हणजे कॅम्पवर पोचल्या पोचल्या, जेवणाच्या रांगेत, रात्री टेंटबाहेर पडायचं असेल तेव्हा, आणि शिखरावर बसल्यावर. ते घालून चढ चढलात तर घाम येईल, तो घाम आतल्या लवेत, म्हणजे डाउनमध्ये, पक्ष्याच्या मऊ बारीक पिसांत जाईल, आणि संध्याकाळी नेमकी गरज असते तेव्हा जॅकेट चपटं झालेलं असेल.

दुसरी गोष्ट आकड्यांची. ६५०, ८०० ही झाली फिल पॉवर. एक औंस म्हणजे साधारण २८ ग्रॅम लव एका नळकांड्यात सोडतात, वर हलकी चकती ठेवतात आणि ती लव किती घन इंच जागा धरते ते मोजतात, तो हा आकडा. म्हणजे लव किती चांगली फुगते एवढंच त्यातून कळतं, जॅकेट किती उबदार आहे ते नाही कळत. त्यासाठी आत लव किती ग्रॅम भरलीय ते बघायला लागतं, तो झाला फिल वेट, आणि नेमका हाच आकडा बऱ्याच कंपन्या छापत नाहीत. हिशोब करून बघा. १०० ग्रॅम लव ६५० ची असेल तर आत साधारण २३०० घन इंच हवा अडकते. ८० ग्रॅम लव ८०० ची असेल तर २२५० च्या आसपास. म्हणजे ऊब जवळपास तेवढीच, वजनात फरक वीस ग्रॅमचा, म्हणजे चार-पाच चमचे साखर! आणि त्या चार चमच्यांसाठी काही ठिकाणी किंमत दुप्पट होते. त्यामुळे बजेट कमी असेल तर ६५०-७०० ची पण भरपूर भरलेली लव घ्या, ८५० ची आणि चिमूटभर भरलेली नको.

जॅकेटवर उणे दहा, उणे वीस लिहिलेलं असतं त्यावर फार जाऊ नका. स्लीपिंग बॅगचं तापमान मोजायला आंतरराष्ट्रीय मानक आहे, जॅकेटला तसं नाही, तो आकडा ज्याचा त्याने ठरवलेला असतो.

सॅक_आठकिलो | १० ऑक्टोबर, सकाळी ८:०५

येऊरकर काका +१. ताई मी घणसोलीला राहतो, गेली तीन वर्षं सॅकचं वजन कमी करायच्या मागे आहे, सध्या खाणं-पाणी सोडून आठ किलोवर आलंय. तुमच्या बजेटमध्ये मी सरळ डिकॅथलॉनचं फोर्क्लाझ एमटी१०० बघायला सांगेन. ८०० फिल पॉवर, उणे पाचपर्यंतचं म्हणून विकतात, स्वतःच्याच खिशात घडी होऊन बसतं. मी दोन सीझन वापरलंय, पॉपकॉर्नच्या पुड्यासारखं चुरचुरतं पण काम चोख करतं. दुसरं म्हणजे यूनिक्लोचं अल्ट्रा लाइट डाउन, कुर्ल्याच्या फिनिक्समध्ये दुकान आहे, सेलमध्ये बघा. ते आणखी हलकं आहे पण शहरात फिरायच्या हिशोबाने बनवलेलं आहे, लव कमी, त्यामुळे डिसेंबरच्या बर्फात कॅम्पवर एकट्याच्या जिवावर नाही पुरणार, आत जाड फ्लीस लागेल. ऑगस्ट-सप्टेंबरच्या लडाखला मात्र मस्त.

अमेरिकेत नातेवाईक असेल तर लोक माउंटन हार्डवेअरचं घोस्ट व्हिस्परर मागवतात, पाव किलोच्या आसपास वजन, किंवा जपानहून कुणी येत असेल तर माँटबेल. पण ते तुमच्या बजेटच्या कैक पट जातं आणि वाचतात शंभरेक ग्रॅम. शंभर ग्रॅम तर सॅकमधली जास्तीची पाण्याची बाटली, साबणाची वडी आणि दुसरा टॉवेल घरी ठेवला तरी वाचतात, आणि फुकट वाचतात.

नौपाड्यातला | १० ऑक्टोबर, दुपारी १:२०

माझाही एक प्रश्न यातच विचारतो. मी फक्त सह्याद्रीत फिरतो, माहुली, हरिश्चंद्रगड, कळसूबाई, रतनगड. जानेवारीत हरिश्चंद्रगडावर गुहेत झोपलो तेव्हा चांगलीच हुडहुडी भरली होती. सह्याद्रीसाठी डाउन घ्यावं का?

येऊरकर | १० ऑक्टोबर, दुपारी २:१५

नको. कळसूबाई १६४६ मीटर, ते आपलं सगळ्यात उंच. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश उतरतात असं धरलं तर ठाण्यापेक्षा वर दहा-अकरा अंश कमी, त्यात वारा. एवढ्याला फ्लीस, विंडचीटर, कानटोपी आणि खाली चांगली मॅट पुरते. गुहेत हुडहुडी भरली ती बहुतेक खालच्या कातळामुळे, पाठ गार पडली की वरून कितीही घाला. शिवाय आपल्याकडे रात्री शेकोटी असते आणि डाउनचं कापड इतकं पातळ नायलॉन असतं की एक ठिणगी उडाली तरी भोक पडून लव उडायला लागते. करवंदाच्या काट्यांचं तर बोलायलाच नको.

पायवाट_कळवा | १० ऑक्टोबर, रात्री ९:५०

सगळ्यांचे मनापासून आभार. येऊरकर दादा, तो साखरेच्या चमच्यांचा हिशोब लेकीला वाचून दाखवला, तिला लगेच पटला. एक विचारायचं राहिलं, कापडावर १०डी, २०डी लिहिलेलं असतं ते काय? आणि ऑनलाइन अठराशे रुपयांत ९०% डाउन लिहिलेली जॅकेटं आहेत, रिव्ह्यू पण चांगले आहेत, ती घेऊ नयेत का?

रानजाई | ११ ऑक्टोबर, सकाळी ११:१०

पायवाट ताई, थांबा, अठराशेवालं घेऊ नका! मी खारघरला शिवणकाम करते, कापड हातात घेतलं की कळतं असा माझा समज होता, तरी मी फसले. दोन वर्षांपूर्वी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून असंच ९०% डाउन लिहिलेलं जॅकेट मागवलं, आलं तेव्हा फुगीर, छान दिसत होतं. पण चुरगाळून सोडलं तर हळूहळू वर यायला हवं तर ते टुण्णकन उडी मारल्यासारखं वर यायचं, मला तेव्हाच शंका आली. शेवटी बाहीच्या आतली शिवण दोन इंच उसवली. आत पॉलिस्टरचा कापूस निघाला, उशीत भरतात तो, आणि वर दिसायला म्हणून मूठभर पिसं, ती पण दांडीवाली. विक्रेत्याने परत घेतलं नाही, कारण मी शिवण उसवली होती.

त्यामुळे घ्यायच्या आधी हे करून बघा. जॅकेटचा एक कप्पा बोटांच्या चिमटीत धरायचा आणि हळू चोळायचं. खरी लव असेल तर काहीच नसल्यासारखं वाटतं, बोट बोटाला लागतं, मधेच एखादी बारीक काडी टोचते. कापूस असेल तर चिमटीत सलग लगदा राहतो. मग तो कप्पा ट्यूबलाइटसमोर धरायचा. पातळ कापडातून लवेचे पुंजके ढगासारखे दिसतात, वरपासून खालपर्यंत सारखे हवेत. एखादा कोपरा नुसता उजेड सोडत असेल तर तिथे थंडी शिरणार. आणि कापडाला तोंड लावून फुंकर मारायची, वारा सरळ आरपार गेला तर त्यातून लवही बाहेर येणार.

डी म्हणजे डेनिअर. ९००० मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम तितके डेनिअर. १० म्हणजे फारच नाजूक, सॅकच्या बकलाने सुद्धा ओरखडतं. पहिल्यांदा घेताय तर २० च्या आसपासचं घ्या, थोडं जड पण रोजच्या वापराला टिकतं. शिवण बघताना टीप किती बारीक आहे ते बघा. मोठ्या सुईने शिवलेलं असलं की त्या भोकांतूनच लव निसटत राहते. एखादं पीस बाहेर डोकावलं तर ओढून काढायचं नाही, त्याच्या मागे आणखी चार येतात. आतल्या बाजूने चिमटीत धरून मागे ओढायचं आणि भोकावर नखाने चोळायचं, बुजतं ते.

शीतगृहवाला | ११ ऑक्टोबर, रात्री ११:४५

हा धागा बघून खास लॉगिन केलं. मी तुर्भ्याला कोल्ड स्टोरेजमध्ये मेंटेनन्सला आहे. आमच्याकडे बटाटा, फळं वगैरे वरच्या तापमानाला आणि फ्रोझन माल उणे १८ ला. ठाण्यात जॅकेट ट्राय कसं करायचं हे ताईंनी विचारलंय, मला ती सोय रोजची आहे. मागच्या वर्षी स्पितीला जायच्या आधी सुपरवायझरला विचारून माझं डाउन जॅकेट घालून फ्रोझन रूममध्ये उभा राहिलो होतो, आत थर्मल आणि पातळ फ्लीस, खाली कंपनीची जाड पँट आणि बूट. मुद्दाम न हलता वीस मिनिटं. सांगतो काय काय झालं.

छाती आणि पोट पूर्ण वेळ गरम होतं. पाच-सात मिनिटांनी पाठीवर आडव्या रेघांसारखी थंडी जाणवायला लागली, बोटाने आखून दाखवता येतील अशा. त्या जॅकेटच्या शिवणी. वरचं कापड आणि अस्तर सरळ एकत्र टीप मारून शिवलेलं असतं, हलक्या जॅकेटांत असंच असतं, तर त्या रेषेवर लव नसतेच. मग मी वरून साधा विंडचीटर चढवला आणि रेघा जवळजवळ गेल्या, कारण समोर ब्लोअरचा वारा होता आणि वारा त्या टिपांमधूनच घुसत होता. म्हणून विंडचीटर सैल घ्या, डाउनच्या वरून जाईल असा. घट्ट असेल तर लव दाबली जाते आणि दाबलेली लव म्हणजे नुसतं कापड. नंतर सॅक पाठीवर अडकवून बघितली, पट्ट्यांखाली खांद्यावर लगेच गार. आणि कमरेला खाली दोरी नव्हती माझ्या जॅकेटला, तिथून थंडी आत. तेव्हा खाली आवळायची दोरी आणि डोक्याला टोपी असलेलं घ्या, टोपीने खूप फरक पडतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बाहेर आलो, बाहेर नवी मुंबईची हवा, आणि मिनिटभरात जॅकेटवर दव धरलं, फ्रीजमधून काढलेल्या बाटलीवर धरतं तसं. गार कापडावर दमट हवा बसली की असंच होणार. आमचा एक सहकारी तसलंच जॅकेट रोज आत-बाहेर वापरायचा, तिसऱ्या आठवड्यात त्याच्या खांद्यातली सगळी लव गोळा होऊन खाली बसली होती. म्हणून कंपनी आम्हाला सिंथेटिकचे जाड कोट देते, ते ओले झाले तरी चालतात. टेंटमध्येही तेच होतं हे लक्षात ठेवा, आत श्वासाची वाफ, बाहेर बर्फ, सकाळी टेंटच्या छतावरून थेंब पडतात.

येऊरकर | १२ ऑक्टोबर, सकाळी ७:१५

शीतगृहवाले, फार मोलाची माहिती. इतकी वर्षं हे वापरतोय पण असं घड्याळ लावून कधी बघितलं नव्हतं.

विंडचीटरच्या मुद्द्यावरून एक आठवलं. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच नावाचा गिर्यारोहक स्वतः बनवून घेतलेला कोट घेऊन गेला होता, आत आयडर बदकाची लव आणि बाहेरून बलूनचं कापड. बाकी मंडळी लोकरीत आणि ट्वीडमध्ये होती, आधी त्याला हसली. बलूनचं कापड हवा सुटू नये म्हणूनच विणलेलं असतं, त्यामुळे वाराही आत येत नाही आणि लवही बाहेर जात नाही. शंभर वर्षांपूर्वीचं ते डोकं आणि आपण आज दुकानात बघतो ते जॅकेट, मूळ तत्त्व एकच आहे.

माळकरी_घर | १२ ऑक्टोबर, दुपारी ४:३०

जरा वेगळा मुद्दा मांडते, कुणी वाईट वाटून घेऊ नका. आमच्या घरी वडील माळकरी, घरात अंडंसुद्धा येत नाही. मी मागच्या वर्षी डाउन जॅकेट आणलं आणि बाबांनी सहज विचारलं की यात काय आहे, मी सांगितलं बदकाची पिसं, ते काही बोलले नाहीत पण मला ते जॅकेट घरात घालवेना. ही पिसं येतात कशी, पक्षी जिवंत असताना उपटतात असं वाचलंय ते खरं का? आणि ज्यांना नको असेल त्यांनी काय घ्यावं?

सॅक_आठकिलो | १२ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:००

वाईट कशाला वाटेल, विचारायलाच हवं असा प्रश्न आहे. जिवंतपणी उपटण्याचे प्रकार झालेत हे खरं आहे, त्यावरूनच २०१४ मध्ये रिस्पॉन्सिबल डाउन स्टँडर्ड आलं, लेबलवर आरडीएस लिहिलेलं असतं. त्यात जिवंत पक्ष्याची पिसं उपटायला आणि जबरदस्तीने चारायला बंदी आहे आणि फार्मपासून कारखान्यापर्यंत तपासणी असते. पण स्पष्ट सांगतो, तो पक्षी मांसासाठी मारलेलाच असतो, आरडीएस असलं तरी. तेवढंही नको असेल तर सिंथेटिक हाच मार्ग. तेवढ्याच उबेला दीड पट वजन धरा, आणि दाबून दाबून दोन-तीन वर्षांत त्याची फुगण्याची ताकद कमी होते. फायदा असा की ओलं झालं तरी बऱ्यापैकी ऊब देतं, घरच्या मशीनमध्ये धुता येतं, आणि स्वस्त असतं.

पायवाट_कळवा | १३ ऑक्टोबर, रात्री १०:२०

माळकरी ताई, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. काल रात्री लेकीने हा धागा वाचला आणि म्हणाली आई, मला पिसांचं नको. मी तिला समजवायला गेले नाही, सतरा वर्षांची आहे, ओझं तिच्या पाठीवर जाणार आहे आणि ते वाहायची तिची तयारी आहे. तर आता ती सिंथेटिक घेणार आणि मी डाउन.

आज दोघी दुकानात जाऊन आलो. इथे लिहिलेलं सगळं करून बघितलं, चिमटीत धरलं, मोबाइलचा टॉर्च आतून लावून पुंजके बघितले, फुंकर मारली. दुकानातला मुलगा आधी बघत राहिला मग त्यानेच आतल्या खोलीतून आणखी दोन साइझ आणून दिल्या. साइझचं सांगते, घरून फ्लीस घेऊन गेले होते ते घालूनच ट्राय केलं. नेहमीची एम फ्लीसवर काखेत धरत होती, हात वर केले की कंबर उघडी पडत होती. एल घेतली. काट्यावर ३४० ग्रॅम भरली, लेकीचं सिंथेटिक ५२०. माझ्या जुन्या जॅकेटच्या वजनात दोघींची मिळून होतात आणि वर पाव किलो उरतं! माझं बजेटमध्ये बसलं, तिचं तर निम्म्यात आलं, उरलेल्या पैशात हातमोजे घेतले.

नौपाड्यातला | १३ ऑक्टोबर, रात्री ११:०५

अभिनंदन! आल्यावर दोन्ही जॅकेटांचा अनुभव नक्की लिहा, एकाच ट्रेकवर दोन प्रकार कुणी नेत नाही सहसा.

पायवाट_कळवा | ६ जानेवारी, रात्री ९:१५

आलो सुखरूप. उशीर झाला लिहायला, पण नौपाडा दादांना शब्द दिला होता.

कल्याणहून राजधानीने दिल्ली, तिथून डेहराडून, मग दिवसभर गाडीने सांकरी. जुडा का तालाबला पहिला मुक्काम. येऊरकर दादांनी सांगितलेलं काटेकोर पाळलं, चालताना जॅकेट सॅकमध्ये सगळ्यात वर आणि कॅम्पवर सॅक टेकवली की आधी ते अंगात, मग पाणी, मग बाकी सगळं. ग्रुपमधले बरेच जण जॅकेट घालूनच चढत होते आणि संध्याकाळी तेच कुडकुडत होते, आतून भिजलेले.

शिखराच्या रात्री अडीचला उठवलं. तेव्हाची थंडी मला शब्दांत सांगता येत नाही, बाटलीतल्या पाण्याला वर बर्फाची साय आली होती. तरी चालताना थर्मल, फ्लीस, विंडचीटर यावरच निघालो. शिखर साडेबारा हजार फुटांवर, पोचलो तेव्हा नुकतं तांबडं फुटत होतं आणि वारा असा की उभं राहवेना. मी डाउन घातलं, वरून विंडचीटर ओढला, लेकीने तिचं घातलं, आणि दोघी दगडाच्या आडोशाला पाठीला पाठ लावून बसलो. समोर स्वर्गारोहिणीवर आधी गुलाबी मग पिवळं ऊन उतरत आलं. पंचवीस मिनिटं बसलो. पाय गारठले, नाक गारठलं, पण अंगाला थंडी नाही वाजली, दोघींनाही नाही. शीतगृहवाले, पाठीवरच्या त्या रेघा मलाही कळल्या, विंडचीटर घालेपर्यंत.

आता फरक. ऊब म्हणाल तर शिखरावर डाउन थोडं सरस, लेकीने माझं घालून बघितलं तेव्हा तीही म्हणाली. वजन आणि जागा यात तर सरळ सरळ सरस, माझं पोळीच्या डब्याएवढं व्हायचं आणि तिचं उशीएवढं. पण तिसऱ्या दिवशी सकाळी टेंटच्या छतावरून थेंब गळत होते आणि मी रात्री जॅकेट घालूनच झोपले होते, तोंडाजवळची कॉलर आणि डावा खांदा ओला झाला आणि तिथलं जॅकेट पापडासारखं चपटं. लेकीचं तितकंच ओलं झालं पण तिला काही फरक पडला नाही. मग दुपारी ऊन आलं तेव्हा मी जॅकेट उलटं करून सॅकवर तासभर पसरलं, मधे मधे हाताने थोपटत राहिले, आणि पुन्हा फुगलं. ऊन नसतं निघालं तर पुढची रात्र अवघड गेली असती हे मात्र खरं. तर ज्यांना सलग ढगाळ हवेत, पावसाळी दिवसांत जायचंय त्यांनी लेकीचाच मार्ग धरावा असं माझं मत झालंय.

आता कॉलर मेणचट झालीय आणि अंगाचा वास येतोय. धुवायचं कसं? खाली लॉन्ड्रीत देऊ का?

रानजाई | ७ जानेवारी, सकाळी १०:३०

किती छान लिहिलंत, पाठीला पाठ लावून बसलेल्या दोघी डोळ्यासमोर आल्या.

लॉन्ड्रीत नका देऊ, निदान न विचारता नका देऊ. आमच्या भागातल्या एका लॉन्ड्रीने माझ्या जावेचं जॅकेट ड्रायक्लीन करून दिलं, परत आलं ते पातळ गोधडीसारखं, पुन्हा कधी फुगलंच नाही. घरी करा. आधी नुसती कॉलर आणि मनगटं ओल्या फडक्याने पुसून बघा, तेवढ्यावर भागलं तर पूर्ण धुऊच नका, वर्षातून एकदा पुष्कळ झालं. पूर्ण धुवायचंच असेल तर सगळ्या चेन लावायच्या, मोठ्या टबात कोमट पाणी, निकवॉक्सचं डाउन वॉश मिळतं ते घालायचं, नेहमीची पावडर नको, ती लवेतला नैसर्गिक तेलकटपणा काढून टाकते. हलक्या हाताने दाबत राहायचं, पिळायचं नाही. तीन-चार पाण्यांतून काढायचं. आणि बाहेर काढताना खांद्याला धरून उचलू नका, ओली लव इतकी जड होते की आतल्या शिवणी फाटतात. खालून दोन्ही हात घालून तान्ह्या बाळासारखं उचलायचं, पाणी निथळू द्यायचं आणि टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं.

वाळवणं हेच खरं काम. ड्रायर असलेली सेल्फ सर्व्हिस लॉन्ड्री जवळ असेल तर सगळ्यात मंद आचेवर दोन-तीन स्वच्छ टेनिस बॉल टाकून फिरवा, ते गोळे फोडतात. नसेल तर जाळीवर आडवं पसरून पंख्याखाली, दर दोन तासांनी एकेक कप्पा हातात घेऊन गोळे बोटांनी सोडवत बसायचं. मला तीन दिवस लागले होते. वरून कोरडं लागतं पण आत ओल असते, पुन्हा चिमटीत धरून बघा, बारीक खडा लागला तर अजून वाळलेलं नाही. जानेवारीतच उरकून घ्या, आपल्याकडे हवा थोडी तरी कोरडी असते. जूनपर्यंत राहिलं तर वाळणारच नाही आणि कुबट वास कायमचा बसेल.

शीतगृहवाला | ७ जानेवारी, रात्री ११:२०

आणि ठेवताना त्या छोट्या पिशवीत कोंबून ठेवू नका. हँगरला मोकळं टांगा, नाहीतर जुन्या सुती उशीच्या अभ्र्यात सैल. प्लास्टिकची पिशवी अजिबात नको. पावसाळ्यात कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि महिन्यातून एकदा बाहेर काढून पंख्याखाली तासभर. माझं खाडीच्या बाजूचं घर, भिंतीला बुरशी येते, पण जॅकेट चौथ्या वर्षीही व्यवस्थित आहे.

नौपाड्यातला | ८ जानेवारी, सकाळी ९:४०

हे सगळं वाचून मार्चमध्ये संदकफूचं बुकिंग केलं, ३६३६ मीटर, माझा पहिलाच हिमालय. एकाच ट्रेकसाठी लगेच विकत घ्यावं की तिकडे भाड्याने मिळतं ते घ्यावं या विचारात आहे.

पायवाट_कळवा | ८ जानेवारी, दुपारी १२:१५

दादा, विकत नका घेऊ आणि भाड्यानेही नका घेऊ. पहिला ट्रेक करून बघा, आवडला तर पुढच्या वर्षी स्वतःच्या मापाचं घ्या. माझं जॅकेट एल आहे, तुम्हाला छातीला ४०-४२ इंच असेल तर फ्लीसवर होईल. आज संध्याकाळीच धुवायला घेतेय, फेब्रुवारीपर्यंत पूर्ण वाळून फुगलेलं असेल. फक्त शेकोटीपासून लांब ठेवा आणि परत द्याल तेव्हा न धुता द्या, धुवायचं मी बघेन. एखादं भोक पडलंच तर सेलोटेप लावू नका, चिकट राहतं, मी रिपेअर टेपचा तुकडा खिशात ठेवून देईन, कडा गोल कापून लावायचा.

नौपाड्यातला | ८ जानेवारी, दुपारी १:००

ताई, काय बोलू. ४० आहे. कुठे येऊ?

पायवाट_कळवा | ८ जानेवारी, दुपारी १:०५

फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी सहा वाजता तलावपाळीला या, लेकीचा क्लास तिथेच आहे. येताना फ्लीस आणा, घालूनच बघू.